पाण्यापाशी मुक्काम

"आक्का, आता तरी जमलं म्हणाल का?"

आक्कांनी वर पाहिलं नाही. तीन दगडांच्या चुलीत त्यांनी आणखी एक काटकी सारली आणि धुरानं भरलेले डोळे पदरानं पुसले.

"काय जमलं?"

"एकटीनं राहणं."

"बरं..."

एवढंच म्हणून त्या पुन्हा फुंकर घालू लागल्या.

विशाखा मोहितेला ते 'बरं' चांगलंच झोंबलं. दिवाळी संपल्या संपल्या ती साताऱ्याहून निघाली होती, आपली गाडी आपणच चालवत. गाडी म्हणजे घरच. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, छतावर सौर पॅनेल. आतलं सुतारकाम तिनं स्वतः केलं होतं आणि ते कुणालाही सांगायला ती विसरत नसे. जैसलमेरच्या पुढे, डांबरी रस्ता कंटाळून जिथे संपतो, तिथून आणखी आत वाळवंटात ती शिरली आणि थंडी तिनं एकटीनं काढली. अशा बाईला नुसतं 'बरं'?

आक्कांचंही घर चाकांवरच होतं. पावाची जुनी गाडी. बाजूच्या पत्र्यावर 'ताजा पाव' ही अक्षरं अजून अर्धीमुर्धी दिसत होती. कृष्णाकाठच्या एका मठात त्या कित्येक वर्षं होत्या. पुढे शिष्य फार झाले, पाया पडणारे त्याहून फार झाले. तेव्हा एका सकाळी त्यांनी ही गाडी घेतली आणि मठाला रामराम ठोकला. हिवाळा वाळवंटात, उन्हाळा कुठेतरी डोंगरात, असं त्यांचं चाललेलं असे.

तरी माणसं त्यांना शोधून काढायचीच. थंडीच्या सुरुवातीला विशाखाही आली होती. 'मला एकटं राहायला शिकवा,' म्हणाली होती.

'आधी राहून ये,' आक्का म्हणाल्या होत्या.

ती राहून आली होती. सकाळी निघून, वाळू तुडवत, चालत आली होती.

"तुझी बाटली दे इकडं," आक्का म्हणाल्या. "चहाला पाणी पाहिजे."

विशाखानं बाटली दिली. आक्कांनी ती थेंबभरही न राखता पातेल्यात उपडी केली.

"हं. सांग. कशी राहिलीस?"

"अगदी व्यवस्थित! एकच दार ठेवलंय गाडीला, सरकतं. पुढची दोन्ही दारं आतून पक्की बंद, मध्ये फळी ठोकलीय. आणि रात्रभर चारही कोपऱ्यांना दिवे. मांजर फिरकलं तरी दिसेल."

"फिरकलं?"

"कोण?"

"मांजर."

"छे! कुणीच नाही आलं, आक्का. माणूस नाही, मेंढरू नाही, कुत्रंसुद्धा नाही. मी कुणाला त्रास दिला नाही, कुणी मला दिला नाही. आपली गप बसून राहिले."

बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज ताठ होता. कुत्र्यापर्यंत येता येता तो जरा हलला.

आक्कांनी चहा गाळला. दुधाचा पत्ता नव्हता, साखर मात्र सढळ होती.

"मग आता 'जमलं' म्हणून घ्यायची घाई कसली? ऱ्हा की अजून."

विशाखा कपावर हात शेकत बसली.

"काय गं?"

"दादानं गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. परवा जोधपूरला येणार आहे ते. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण... तुम्ही जमलं म्हणालात तर ताठ मानेनं परत जाईन."

"आणि न्हाई म्हटलं तर?"

"तरी जाईन. मान खाली घालून."

"म्हंजे जायचंच ठरलंय."

"हो... नाही. आक्का, मला हेच हवं होतं हो! सगळं घर नको म्हणत होतं, बाईमाणसानं असं एकटं राहायचं नसतं म्हणत होतं, तरी निघाले. तीन-तीन गोधड्या घेऊन झोपते. एकदा तर बाटलीत बर्फाची पापडी धरली होती. त्याचं काही वाटत नाही. पण ती शांतता... तोंडावर कुणी उशी दाबून धरावी तशी. झोप म्हणून लागत नाही. वाळवंट इतकं मुकं असतं, मला माहीत नव्हतं."

"मुकं?"

आक्कांनी डोक्यावरच्या शमीकडे पाहिलं. झाडात सातभाई पाखरांची टोळी भांडत होती, घरातली वाटणी चालल्यासारखी. खाली एक खार आक्कांच्या चपलेवर बसून काहीतरी कुरतडत होती. विशाखाचं तिकडे लक्ष नव्हतं. दुःखी माणसाला कान नसतात म्हणतात तसं काही नाही. तिला फक्त स्वतःचं पुढचं वाक्य ऐकू येत होतं.

"एवढी हौस फिटली, आता पुरे, असं वाटायला लागलंय," ती म्हणाली, आणि ते तिला मुळीच वाटत नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"गाडी कुठं लावलीयस?"

"तळ्याकाठी. काय सुंदर जागा आहे! सपाट. दारातून पाय काढला की पाणी. आजूबाजूला कोसभर दुसरं पाणीच नाही. अशी जागा मिळाली हेच नशीब. इथल्या लोकांचा तिथे डोळा कसा गेला नाही कोण जाणे."

आक्कांनी कप खाली ठेवला.

"चल. दाखव."

"आता? उन्हाचं?"

"थंडीचं ऊन हाय. लागत न्हाई."

त्यांनी गाडीत हात घालून एक पुडी काढली आणि मूठभर खारे शेंगदाणे विशाखाच्या हातावर ठेवले. स्वतः एकही घेतला नाही.

"खा. वाटंत."

*

सत्तरी उलटलेली ही बाई वाळूवरून अशी चालायची की तरण्या माणसानं मागून धापा टाकत यावं. विशाखा तशीच येत होती. दाणे भलतेच खारट होते. पण गुरूनं दिलेले, म्हणून तिनं एकेक करून संपवले.

आक्का वाटेत एकदाच बोलल्या.

"आणि हायत. घे."

तळं दिसलं तेव्हा विशाखाची जीभ टाळ्याला चिकटली होती. पाण्याला लागूनच तिची पांढरी गाडी उभी होती. दुपारच्या उन्हात चकाकत होती. पाण्यात तिचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि त्या दोन गाड्यांखेरीज तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

"बघा," विशाखा म्हणाली. घसा कोरडा पडला होता तरी आवाजात अभिमान होता.

आक्कांनी पाहिलं. काठाचा चिखल वाळून कडक झाला होता. त्यात खुरांचे ठसे होते, शेकड्यांनी, एकावर एक. सगळे जुने. ताजे ठसे फक्त विशाखाच्या बुटांचे.

त्या गाडीपाशी गेल्या, सरकतं दार उघडलं आणि पायरीवर बसल्या. ऐसपैस बसल्या. एक पाय या बाजूला, एक त्या बाजूला, आणि पाठ चौकटीला टेकून.

"सुतारकाम झ्याक केलंयस."

"थँक्यू. आक्का, जरा सरकता का? पाणी घेते."

"घे की."

"टाकी आत आहे."

"मग जा की आत."

"कशी जाणार? तुम्ही दारात बसलाय."

"बसले खरी."

विशाखा हसली. आक्का हसल्या नाहीत. हलल्याही नाहीत.

विशाखानं गाडीला एक फेरी मारली. पुढची दारं आतून बंद. तिनंच केलेली, पक्की. खिडक्यांना जाळ्या. त्याही तिच्याच. तळ्याचं पाणी ती गाळून, उकळून प्यायची आणि गाळणी, शेगडी दोन्ही आतच होती. एवढी भक्कम गाडी बांधल्याचा तिला पहिल्यांदाच राग आला.

ती परत दारापाशी आली.

"आक्का, थट्टा पुरे. खरंच तहान लागलीय."

"मी कुठं नको म्हणतीय?"

"मग उठा ना!"

"मी कशाला उठू? मी काय कुणाला त्रास देतीय? आपली गप बसलीय."

"अहो, पण तुम्ही इथे बसलाय म्हणून मला..."

विशाखाचं वाक्य तिथेच राहिलं.

आक्का तिच्याकडे पाहत नव्हत्या. तिच्या खांद्यावरून पलीकडे, तळ्याकडे पाहत होत्या.

विशाखा हळूहळू वळली.

तळं. वाळलेला चिखल. खुरांचे जुने ठसे. आणि त्या सगळ्याच्या उंबऱ्यात ठाण मांडून बसलेली तिची गाडी.

ती एकदम चालू लागली. तळ्यापासून दूर, समोरच्या टेकाडाकडे. तिथे कोपऱ्यावरच्या दिव्यांचा उजेड रात्री जेमतेम पोचत असे.

तिथे ठसे होते.

ताजे. हरणांचे बारीक, टोकदार खूर. मेंढ्यांच्या खुरांची दाटी. उंटाचे रुंद गोल पाय. कोल्ह्याचे पंजे. माणसाच्या वहाणांचे ठसेही होते आणि सोबत काठीची भोकं. सगळे टेकाडापर्यंत आले होते. सगळ्यांनी तिथे पाय घोळवले होते, थांबले होते, वाट पाहिली होती. आणि सगळे तिथूनच माघारी वळले होते.

एका रात्रीचे ठसे नव्हते ते. रोज आले होते. रोज वळले होते.

विशाखा खाली बसली. हरणाच्या एका ठशात तिनं बोट घातलं आणि तिला रडू फुटलं. मुळूमुळू नव्हे. लहान पोरासारखं, भोकाड पसरून.

आक्का मागून आल्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या होता.

"पी."

ती गटागटा प्यायली. अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं.

"मला वाटलं, वाळवंटच असं असतं," ती म्हणाली. "मला वाटलं, इथे कुणी नाहीच..."

"हं."

"पण हा काठीवाला मेंढपाळ तर माणूस आहे. त्यानं तरी येऊन सांगायचं. बाई, गाडी काढ म्हणून."

"एकटी बाई. रातभर दिवे लावून बसलेली. तो कसा येईल जवळ? लाजला आसंल. इथली माणसं पाण्यावर येतात, जनावराला पाजतात, आपण पितात आणि उठून लांब जातात. पाण्यापाशी मुक्काम कुणी करत न्हाई. तुला एवढी झ्याक जागा मोकळी मिळाली, ती काय उगंच?"

विशाखानं तोंड पुसलं. उठली.

"किती वाजता मावळतो हल्ली?"

"बघ की वर. तुला काय घड्याळ लागतंय व्हय?"

सूर्य अजून दोन हात वर होता. विशाखा धावत सुटली.

*

फळीच्या वरच्या फटीतून ती कशीबशी पुढच्या सीटवर उतरली. गाडी सुरू झाली पण जागची हलेना.

काठ वरवरच वाळला होता; इतके दिवस खालच्या ओलीत उभं राहून मागची चाकं रुतली होती. विशाखानं जोर दिला तशी ती आणखी खाली गेली. चिखल उडाला आणि पांढऱ्या पत्र्यावर नक्षी काढून गेला.

ती उतरली. फावडं घेऊन चाकांपुढची माती काढू लागली. आक्का टेकाडाच्या उतारावर मांडी घालून बसल्या. पुडीतले उरलेले दाणे आता त्या खात होत्या.

"आक्का, मागून जरा ढकलता का?"

"माझे गुडघे, बाई."

मघाशी वाळूतून एवढं चालले ते गुडघे कुणाचे होते, असं विशाखाच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं आणि माती काढत राहिली. तळहाताला फोड आला, फुटला. चाकाखाली घालायला काहीतरी हवं होतं. दगड नव्हते. झुडपांच्या काटक्या कडाकडा मोडल्या.

ती आत गेली. आतून ठोकाठोकीचा आवाज आला, मग एक मोठा कडाका. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फळी होती. पुढची केबिन बंद करायला ठोकलेली, घासून गुळगुळीत केलेली, दोनदा पॉलिश दिलेली. तिनं ती घातली गुडघ्यावर. मोडेना. मग जमिनीवर टेकवून तिच्यावर उडी मारली. दोन तुकडे झाले. एक या चाकाखाली, एक त्या.

"चल गं माझे आई," ती गाडीला म्हणाली.

इंजिन घुमलं. फळी करकरली. चाक फिरलं, घसरलं, पुन्हा फिरलं... आणि एक मोठा धक्का देऊन गाडी वर आली. वर आली ती थांबलीच नाही. टेकाडाला वळसा घालून, आक्कांच्या समोरून, धुरळा उडवत, भर्रकन पलीकडे गेली. खिडकीतून विशाखाचा हात बाहेर होता आणि ती ओरडत होती. काय ओरडत होती ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही, पण असं ओरडणं रणांगणावरून परतणाऱ्यांनाच शोभतं. चिखलानं माखलेली, घामानं थबथबलेली, हाताला रक्त लागलेली ती बाई त्या घटकेला त्या सगळ्या वाळवंटाची राणी होती.

टेकाडाच्या मागे, पाण्यापासून चांगलं लांब, तिनं गाडी उभी केली. जागा काही सुंदर नव्हती. जमीन तिरकी होती आणि उत्तरेचा गार वारा थेट अंगावर यायचा. तिनं चारही कोपऱ्यांचे दिवे काढले, तारा गुंडाळल्या आणि सगळं पलंगाखाली ढकललं.

मग शाल घेतली, कानटोपी घातली आणि टेकाडावर येऊन रुईच्या झुडपाआड आक्कांच्या शेजारी बसली.

"आज येतील?"

आक्कांनी खांदे उडवले.

सूर्य गेला तशी थंडी जमिनीतून वर आली. आधी तळवे गार पडले, मग गुडघे. विशाखानं अर्धी शाल आक्कांच्या अंगावर टाकली. आक्कांनी ती नीट ओढून घेतली, अर्ध्याहून जरा जास्तच.

तळं तांबूस झालं होतं. काठावर गाडीच्या चाकांचे दोन खड्डे आणि फळीचे तुकडे तेवढे होते.

काही आलं नाही.

"रागावले असतील," विशाखा पुटपुटली.

"त्यांना कुठला वेळ?"

मग डावीकडे काहीतरी हललं. आधी वाटलं, वाळूच हलली. मातीच्या रंगाचं एक चिंकारा हरीण चार पावलं पुढे आलं, थांबलं. कान फिरवले. आणखी दोन पावलं. मागून दुसरं. त्याच्या मागे पाडस. ती जागची हलेनात. विशाखानं श्वास धरला.

पुढचं हरीण पाण्याला लागलं. मान खाली घातली.

मग बांध फुटावा तसं झालं. टेकाडाच्या पलीकडून घंटांचा आवाज आला आणि मेंढ्या आल्या, लोटच्या लोट, एकमेकींच्या पाठीवर चढत. हरणं जरा बाजूला सरकली आणि पुन्हा पिऊ लागली. मागून दोन उंट डुलत आले, जणू लग्नाला उशिरा पोचलेले बडे पाहुणे. लाल पगडीचा मेंढपाळ आला. त्यानं गाडीची मोकळी जागा पाहिली, फळीचे तुकडे पाहिले, मग मान वळवून टेकाडाकडे पाहिलं. झुडपाआडच्या दोन बायका त्याला दिसल्या असाव्यात. त्यानं काठी उंच केली आणि हाक दिली.

"राम राम सा!"

विशाखानं दोन्ही हात वर केले.

आणि मग वरून आवाज आला. खूप उंचावरून, कर्र कर्र, एकात एक मिसळलेला. कुरजा पक्षी. दूर देशाहून थंडीत येणारे, लांब मानेचे, राखी. माळेमागून माळ आकाशात फिरत होती. त्यांनी तळ्यावर एक मोठं रिंगण घेतलं आणि पाय खाली सोडून ते उतरू लागले. पाच, दहा, पन्नास, मग मोजायचंच राहून गेलं. ज्या तळ्याकाठी विशाखाला स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू आलं नव्हतं, तिथे आता बेंबें, घंटा, कर्रकर्र, उंटांचं गुरगुरणं, मेंढपाळाच्या हाळ्या, पंखांची फडफड असा एकच गलका उठला. गावजत्रेत इतका नसेल.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. थंडीनं दात वाजत होते, फुटलेला फोड चरचरत होता, आणि जन्मात कधी झाला नव्हता एवढा आनंद तिला झाला होता.

ती ताडकन उभी राहिली.

"आक्का! मी नाही जात!" ती ओरडली. "दादाला सांगते, गिऱ्हाईक परत पाठव! गाडी विकायची नाही! मी राहणार, आक्का! इथेच राहणार! मला जमलं! जमलं मला!"

पाण्यातून पाडसानं मान वर केली. कान टवकारून ते टेकाडाकडे पाहू लागलं.

आक्कांनी शालीचं टोक ओढून विशाखाला खाली बसवलं.

"हळू बोल गं... पाणी पितायत."